परतीची नळी

रत्नागिरीत मे महिन्यात कोणी गाडीचा हिटर दुरुस्त करून मागितला, तर ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडे बघतो आणि मग आकाशाकडे. सुलेमानने दोन्ही केलं आणि हातातला पाना खाली ठेवला. पस्तीस वर्षं तो गाड्या खोलत होता. एसी थंड करत नाही म्हणून लोक त्याच्या डोक्यावर येऊन बसत, पण हिटरचं नाव कोणी काढलं नव्हतं. इथं हिटर म्हणजे गाडीबरोबर आलेली फुकटची वस्तू. तो गळायला लागला की गॅरेजवाला मालकाला विचारतही नाही. हिटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या काढतो, एकमेकींना जोडतो, क्लिपा आवळतो आणि गाडी देऊन टाकतो. मालकाला जन्मात कळत नाही, कारण तो ते बटण जन्मात फिरवत नाही.

"एसी म्हणायचंय तुला," सुलेमान म्हणाला.

"नाही चाचा. हिटर."

मागणारा वेडा असता तर एकवेळ बरं झालं असतं. पण हा गौरव होता, आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवणारा, मोजून बोलणारा. त्याचे वडील गंगाराम सुलेमानच्या चांगल्या ओळखीचे. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले आणि रत्नागिरीला आले. आत इतकी वर्षं उबेत काढल्यामुळे की काय, बाहेर आल्यावर त्यांना कायम थंडी वाजायची. गॅरेजवर यायचे ते भर दुपारी कानाला मफलर गुंडाळून, आणि तापलेल्या पत्र्याखाली बसून समाधानाने चहा प्यायचे. जानेवारीत ते गेले. सुलेमान मातीला गेला होता, पण तेव्हा गौरवशी बोलणं झालं नव्हतं.

गॅरेज भाट्ये पुलाच्या अलीकडे. दोन गाड्या मावतील एवढी शेड, मध्ये खड्डा, मागे खाडी. ओहोटी असली की चिखलाचा वास आणि नसली की सुकटाचा. सुलेमान एकसष्ट वर्षांचा झाला होता आणि त्याचे गुडघे त्याहून मोठे होते. खड्ड्यात उतरायला त्रास नव्हता, वर यायला होता. रोज सकाळी डबा भरताना बायको मरियम एकच सांगायची, की बस झालं आता. दर शुक्रवारी दोह्याहून मुलाचा, अक्रमचा फोन यायचा, त्याचंही तेच. शेवटी तो कबूल झाला होता. पावसाआधी शटर ओढायचं, हातातलं काम संपवायचं आणि नवीन घ्यायचं नाही. आणि नेमका आता हा हिटर.

गौरवला नाही म्हणायला तो तोंड उघडणार, तेवढ्यात गौरवच बोलायला लागला. कोणी विचारलं नसताना, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून, वर्गात शिकवावं तसं क्रमाने.

जानेवारीत बाबांच्या छातीत कफ दाटला. डॉक्टर कोल्हापूरला न्या म्हणाले. सकाळी लवकर निघाले, बाबा मागच्या सीटवर डाव्या बाजूला, शाल पांघरून. आंबा घाटात धुकं आणि कडाक्याची थंडी. गौरवने हिटर पूर्ण सोडला होता. चढावर तापमानाचा काटा वर सरकायला लागला. हिटर चालू ठेवला की तो इंजिनातली थोडी उष्णता खेचून घेतो, हे गौरव पोरांना शिकवतो. म्हणून तो थांबला नाही. हिटर तसाच ठेवून चढत राहिला. बाबांना बरं वाटत होतं, आता कसं छान ऊब आली, असं ते म्हणाले. आणि मग एका वळणावर हिटरमधून अचानक गार हवा आली. गार हवा आली म्हणजे पाणी संपलं. बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली.

"बाबा म्हणाले, गौरव, थंडी वाजते रे, हिटर लाव. मी म्हटलं, लावतो बाबा, पाच मिनिटं."

पाणी शोधून तो परत आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. पुढचं त्याने सांगितलं नाही, आणि सुलेमाननेही विचारलं नाही.

इंजीन घाटावरच्या एका गॅरेजमध्ये खोललं गेलं. हेड गास्केट बदललं, पंप बदलला, गाडी चालायला लागली. हिटर मात्र तेव्हापासून गार. रत्नागिरीत दोघांना दाखवला, दोघांनी हसून परत पाठवलं.

"मला तो चालू करून हवाय, चाचा. वापरायला नको. एकदा लागला पाहिजे."

सुलेमानने चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कामाला हात घातला. इंजीन एकदा तापून पाणी उडालं की हिटर बंद पडण्याची कारणं ठरलेली असतात, आणि ती कुणाही मेकॅनिकला झोपेत सांगता येतात. पाणी कमी असेल. पाण्यात हवा अडकली असेल. हिटरची जाळी, म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर, गाळाने तुंबली असेल. इंजिनाचं गरम पाणी एका नळीने त्या जाळीत येतं, पंखा तिच्यावरून हवा ढकलतो, ती हवा गरम होऊन आत येते आणि पाणी दुसऱ्या नळीने इंजिनाकडे परत जातं. परीक्षा सोपी आहे. गाडी चालू करून दोन्ही नळ्या हाताने चाचपायच्या. दोन्ही गरम लागल्या की हिटर ठीक. पहिली गरम आणि परतीची कोमट असेल तर जाळी तुंबलेली.

पाणी बरोबर होतं. त्याने गाडीचं तोंड तिरप्या फळ्यांवर चढवलं, टाकीचं झाकण काढलं आणि इंजीन अर्धा तास चालू ठेवलं. हवा अडकली असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. मग त्याने नळ्या चाचपल्या. पहिली इतकी गरम की हात ठेववेना. परतीची गार होती.

कोमट नाही, गार. त्याने पुन्हा धरली. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं पाणी त्या रबराला सुटलं होतं. थेंब त्याच्या बोटांवरून निघाले आणि हाताच्या केसांमधून वाट काढत कोपरापर्यंत आले.

तुंबली असेल, सुलेमान स्वतःला म्हणाला. त्याने जाळीत उलट बाजूने पाण्याचा फवारा सोडला. दुसऱ्या टोकाने ते सगळं पाणी तेवढ्याच जोराने, स्वच्छ बाहेर आलं. गाळ नाही, गंज नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, काढून उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, तो वेळेवर उघडला. डॅशबोर्ड खोलून हवेचा फ्लॅप पाहिला, तो वळत होता. सगळं परत बसवून त्याने गाडी चालू केली. पहिली नळी गरम, परतीची गार, आणि हिटरच्या झरोक्यातून गार वारा.

त्याची कंबर भरून आली होती. तो शेडमधल्या स्टुलावर बसून राहिला. हे त्याला पटत नव्हतं. पाणी आत जाताना उकळतं आहे आणि बाहेर येताना गार आहे. मधल्या वीतभर जाळीत त्याने आपली सगळी उष्णता कुणाला तरी दिली. हवेला दिली म्हणावं तर हवाही गार. इंजिनाचं काम साधं असतं, जे आत जातं ते कुठून तरी बाहेर निघतं. मग ही उष्णता चालली कुठे?

बारा वाजता पाय लांब करायला म्हणून तो गाडीतच मागच्या सीटवर बसला. उजव्या बाजूने चढला आणि सरकून डावीकडे गेला. आणि उठला.

सीट ऊबदार होती. गाडी कालपासून सावलीत, काचा बंद, मागची दारं बंद. त्याने तळहात ठेवून नीट पाहिलं. उजवी बाजू शेडमधल्या कुठल्याही वस्तूसारखी होती. डावी बाजू मात्र नुकतंच कोणी तिथून उठून गेल्यावर लागते तशी. बसायची जागा ऊबदार, पाठ ऊबदार, खांद्यापर्यंत. खांद्याच्या वर सीटचं डोकं थंड, आणि मध्ये मानेएवढी एक पट्टी पुन्हा ऊबदार. मफलर असतो तिथे.

त्याने शेजारून धाकूला हाक मारली. धाकूचं पंक्चरचं दुकान लागूनच होतं. माणूस सत्तरीला आलेला, पंक्चरपेक्षा गप्पाच जास्त काढायचा. हिटरवरून त्याने कालपासून सुलेमानची टोपी उडवायला घेतली होती. आता काश्मीरला शाखा काढ, असं तो येणाऱ्याजाणाऱ्यासमोर म्हणत होता. सुलेमानने काही न सांगता त्याला सीटवर हात ठेवायला लावला.

धाकूने हात ठेवला. थोडा वेळ ठेवून काढून घेतला आणि लुंगीला पुसला.

"कोण बसलेला रे हिथं?"

"कोणी नाय."

धाकू तसाच मागे फिरला. दुकानात गेला आणि दिवसभर काश्मीरचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी गौरव आला. त्याला बरोबर घेऊन सुलेमानने गाडी बाहेर काढली. गाडी तो स्वतः चालवत होता, गौरव शेजारी. पूल ओलांडला, भाट्येचं सुरूबन मागे टाकलं आणि गोळपचा चढ धरला. काचा बंद, हिटर पूर्ण. बाहेर लोकांच्या अंगाला कपडे चिकटत होते आणि आत दोघांच्या हातावर काटा उभा राहिला होता. चढावर कुठल्याही गाडीचा काटा वर जातो. हिचा खाली यायला लागला. निम्म्यावर आला, मग पाव, मग तळाला टेकला. इंजीन अडखळलं, पांढरा धूर सोडला आणि चढाच्या मध्यावर बंद पडलं. चढून आलेलं इंजीन, आणि बॉनेट उघडून सुलेमानने त्याच्यावर तळवा ठेवला तर लोखंड थंड होतं.

गौरव खाली उतरला नव्हता. त्याने मागे वळून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं की रोज थोडी जास्त लागते.

"काय जास्त लागते?"

"ऊब."

सुलेमान त्याच्याकडे बघत राहिला. सहा महिन्यांपूर्वी हा पोरगा त्याच्याशी थर्मोस्टॅट किती अंशावर उघडतो यावरून वाद घालत होता. आता त्याचे डोळे खोल गेले होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो घाबरलेला नव्हता. आजारी माणसाचं करून करून थकलेला माणूस जसा दिसतो तसा तो दिसत होता. सुलेमानला त्याची फार कणव आली आणि त्याच वेळी त्या गाडीचा रागही आला. हे असं चालू राहिलं तर हा पोरगा नोकरी सोडून हिटरच चालू करत बसेल. गंगाराम गेले, वाईट झालं, पण जिवंत माणसाने किती दिवस त्या घाटात उभं राहायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रत्नागिरीतला प्रत्येक गॅरेजवाला जे करतो तेच केलं. हिटरच्या दोन्ही नळ्या काढल्या, मध्ये एक पितळी जोड घालून एकमेकींना जोडल्या आणि क्लिपा आवळल्या. आता इंजिनाचं पाणी हिटरकडे जाणारच नव्हतं. दहा मिनिटांचं काम. मालकाला विचारायची इथं रीत नाही आणि त्यानेही विचारलं नाही. गाडी चालू केली, काटा मध्यावर येऊन शहाण्यासारखा थांबला. गोळपचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. दुपारपर्यंत मागची सीट दोन्ही बाजूंनी सारखी थंड झाली. सुलेमानला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. त्या दिवशी तो जेवायला घरी गेला आणि मरियमने वाढलेली भाकरी त्याने दोनदा मागून घेतली.

गौरवला त्याने खोटं सांगितलं. जाळी आतून गेली आहे, या मॉडेलची आता मिळत नाही, हिटर विसर. गौरवने बॉनेट उघडून पाहिलं असतं तर जोडलेल्या नळ्या त्याला लगेच दिसल्या असत्या. पण त्याने पाहिलं नाही. चावी घेऊन त्याने विचारलं.

"मग मी त्यांना काय सांगू?"

सुलेमानने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, घरी जा पोरा, झोप जरा. गौरव गेला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस गेले. सुलेमानने हातातल्या गाड्या एकेक करून देऊन टाकल्या, पाने तेलात बुडवून पोत्यात बांधले. हवा जड झाली होती. दुपारी खाडीवरून वाऱ्याची झुळूक नसायची, धाकू बनियन डोक्यावर घेऊन दुकानाच्या दारात पडून असायचा. अशाच एका दुपारी ती गाडी शेडसमोर येऊन थांबली आणि गौरव उतरला.

त्याने स्वेटर घातला होता. निळा, गळ्यापर्यंत, नवाकोरा. घडीच्या रेषा अजून तशाच होत्या. पायात लोकरीचे मोजे. धाकू उठून बसला.

सुलेमानने विचारलं तेव्हा गौरव हसला. मे महिन्यात स्वेटर कुठे मिळतो म्हणून दुकानदार कसा बघत राहिला आणि पोटमाळ्यावरून कसा शोधून आणला, ते त्याने मजेने सांगितलं. ओठ निळसर होते. गालांची हाडं वर आली होती. डॉक्टरला दाखवून आला होता, सगळे रिपोर्ट चांगले होते, फक्त नर्सने थर्मामीटर तीनदा झटकून लावला. गाडी उत्तम चालते. तो हेच सांगायला आला होता, कारण चाचांना काळजी असेल.

"हिटर नाही तरी चालतं आता," तो म्हणाला. "बाबा कुरकुर करत नाहीत."

सुलेमान गाडीकडे गेला. त्याने मागचं दार उघडलं. उजवी बाजू थंड. डावी बाजू ऊबदार, बसायची जागा, पाठ, खांदे, आणि मानेपाशी ती पट्टी. आणि हिटरला पाण्याचा थेंब जात नव्हता. ते त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

त्याने गौरवला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि पोतं सोडून पाने काढले. आपण काय केलं होतं ते त्याने कबूल केलं. हिटर मोडला नव्हता, मी तोडला, म्हणाला, आता जोडतो. गौरव चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसला होता. सुलेमान इंजिनात वाकला. क्लिपा सोडवून पितळी जोड काढला. नळ्या जाळीला लावल्या, पाणी भरलं, हवा काढली. गाडी चालू केली आणि हिटर पूर्ण सोडला.

घे, त्याच्या मनात येत होतं. इथून घे. पाहिजे तेवढी घे. इंजीन बंद पडू दे, जळू दे, मी दुसरं घालून देतो.

काटा मध्यावर आला. थांबला.

सुलेमानने पहिल्या नळीला हात लावला. गरम होती.

परतीच्या नळीला हात लावायला त्याला वेळ लागला.

तीही गरम होती.

धाकू जवळ येऊन उभा होता. त्याने खिडकीतून आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. आतल्या झरोक्यांतून भट्टीसारखी हवा येत होती. "झाला की रे चालू," तो म्हणाला, आणि सुलेमानच्या तोंडाकडे पाहून मागे सरकला. हिटर दुरुस्त झाला होता. पुस्तकात लिहिलेलं असतं तसा, दोन्ही नळ्या सारख्या गरम. त्या पाण्यातली ऊब आता कुणालाच नको होती.

गौरव उठला. चहा त्याने प्यायला नव्हता. ग्लास बाकावर ठेवला, तेव्हा चहावर साय धरली नव्हती, तर तुपासारखा एक पांढरा थर गोठला होता. तो गाडीत जाऊन बसला आणि दार लावलं.

सुलेमान दाराशी धावला. उतर खाली, म्हणाला. गाडी इथंच राहू दे. मी ती खाडीत ढकलतो, भंगारात घालतो, तू रिक्षाने घरी जा.

"ते गाडीत नसतात फक्त, चाचा," गौरव शांतपणे म्हणाला. "काल वर्गातही होते."

"मग सांग त्यांना. तुझे वडील आहेत, ऐकतील. सांग, बस झालं."

गौरवने पट्टा लावला. बोटं वळत नव्हती, दोन वेळा चुकला. मग समोरचा आरसा त्याने हळूच डावीकडे वळवला, मागच्या सीटवरचं माणूस नीट दिसावं तसा.

"मी पाच मिनिटं म्हणालो होतो त्यांना," तो म्हणाला. "चार महिने झाले. आता कुठे ऊब लागली त्यांना. आता कसं उठवू?"

सुलेमानला रडू आलं. त्याने अर्ध्या उघड्या काचेतून हात आत घातला. आतल्या गरम हवेने त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्याने गौरवचं मनगट घट्ट धरलं, चावी फिरवू द्यायची नाही म्हणून.

मनगट गार होतं.

स्वेटरच्या बाहीखाली त्वचेला पाणी सुटलं होतं. बारीक थेंब सुलेमानच्या बोटांवर आले, एकमेकांत मिसळले, आणि हाताच्या केसांमधून वाट काढत कोपरापर्यंत ओघळले.